टीकात्मक अभ्यास, प्रार्थना आणि मराठी ख्रिस्ती ग्रंथ: ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याने कसे वाचावे?

ऐरोलीत राहणाऱ्या आणि सेमिनरीत ईशज्ञानाच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारले आहेत. जुन्या कराराचा टीकात्मक अभ्यास, म्हणजे मजकूर कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला याची चिकित्सा, सुरू झाल्यापासून त्यांचे पहाटेचे शास्त्रवाचन कोरडे झाले आहे. यशयाचे पुस्तक उघडले की प्रार्थनेऐवजी लेखक किती आणि काळ कोणता हेच मनात येते. ख्रिस्ती विचारवंतांची यादी इतकी लांब आहे की सर्वांविषयी थोडेथोडे माहीत होते आणि मनात कोणीच राहत नाही, तेव्हा नेमके कोणाला वाचावे हा त्यांचा दुसरा प्रश्न. तिसरा असा, की मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि वारकरी संतांचे वाङ्मय यांना ईशज्ञानाच्या अभ्यासात खरोखर स्थान आहे, की रविवारच्या उपदेशात एखादी ओवी म्हणण्यापुरतेच ते कामाचे आहे?

मी ठाण्यात पाळकीय सेवा करतो आणि तिच्या जोडीने मंडळीतील (चर्चमधील) लोकांसाठी व सेमिनरीच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक वर्षे वाचनवर्ग घेत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. तुम्हाला अभ्यासाचे वाचन आणि उपासनेचे वाचन अशी दोन वेगळी वाचने दिसत आहेत, पण ख्रिस्ती परंपरेत ती मुळात एकच होती, आणि आज ती तुटल्यासारखी वाटतात याचे एक मोठे कारण असे की विद्यार्थी ग्रंथांविषयी पुष्कळ वाचतो आणि ग्रंथ मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्वचितच वाचतो.

तुम्ही यशयाचे उदाहरण दिले आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करू. संदेष्टा यशया याला पाचारण झाले ते उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व 740 च्या सुमारास, आणि त्याच्या काळात यरुशलेमेवर सावट होते ते अश्शूर (ॲसिरिया) साम्राज्याचे. चाळिसाव्या अध्यायापासून मात्र श्रोते बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातले आहेत असे दिसते, आणि 44 व 45 या अध्यायांत ज्या कोरेशाचे नाव घेतले आहे त्या इराणी सम्राटाने बाबेल जिंकले ते ख्रिस्तपूर्व 539 मध्ये. या भागांमागे निरनिराळे काळ असावेत ही शंका अठराव्या शतकातील जर्मन विद्यापीठांनी पद्धतशीर मांडली हे खरे, पण तिची चाहूल बाराव्या शतकातील यहुदी भाष्यकार इब्न एज्रा यांच्या लेखनातही लागते. म्हणजे हा प्रश्न श्रद्धाहीन लोकांनीच उकरून काढला, असे मानण्याचे कारण नाही. संपूर्ण पुस्तक एकाच यशयाचे आहे असे मानणारे व्यासंगी आणि भाविक अभ्यासक आजही आहेत. त्यांचे युक्तिवादही तुम्ही नीट वाचावेत.

आता या अभ्यासाने तुमच्या हातून काय गेले आणि काय आले ते पाहू. ख्रिस्तपूर्व 586 मध्ये यरुशलेमेचे मंदिर जळाले, राजवंश संपला, भूमी गेली. ज्यांच्याजवळ देवाच्या वचनाची एकही दृश्य खूण उरली नव्हती अशा माणसांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला उद्देशून चाळिसावा अध्याय सुरू होतो: ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा.’ काळाची ही माहिती नसताना हे वाक्य सुंदर वाटते. ती असताना ते असह्य वाटावे इतके धाडसी होते, कारण सांत्वन करण्यासारखे काहीही समोर दिसत नसताना ते उच्चारले गेले आहे. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाना बंद पडल्यावर वयाच्या पंचेचाळिशीत घरी बसलेली माणसे मंडळीत असतात. त्यांच्या घरी जाऊन हा अध्याय वाचायचा असेल तर तो कोणत्या अवस्थेतल्या लोकांसाठी होता हे पाळकाला ठाऊक असले पाहिजे. टीकात्मक अभ्यासाने येथे प्रार्थनेला आशय पुरवला आहे. फक्त एक सांभाळावे: परीक्षेत लेखकत्वाची चर्चा सविस्तर लिहावी, पण व्यासपीठावर उभे राहून लेखकांची संख्या जाहीर करणे हे उपदेशाचे काम नव्हे. ती माहिती उपदेशाचा पाया म्हणून असावी.

आरंभीच्या शतकांत ही दोन वाचने वेगळी मानली जात नव्हती. तिसऱ्या शतकातील ओरिजेन यांनी जुन्या कराराचा इब्री (हिब्रू) पाठ, त्याचे ग्रीक लिपीतील रूप आणि ग्रीक भाषांतरे सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडून हेक्साप्ला नावाचा अवाढव्य ग्रंथ सिद्ध केला. आणि हेच ओरिजेन प्रार्थनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहितात. जेरोम यहुदी शिक्षकांकडून इब्री शिकले, बेथलेहेमात राहून त्यांनी लॅटिन बायबल सिद्ध केले, आणि त्यांचा दिनक्रम मठातील उपासनेभोवती बांधलेला होता. फारकत पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत जाणवू लागली, जेव्हा मठातील वाचन एका बाजूला आणि नगरांतील विद्यालयांतील वादविवाद दुसऱ्या बाजूला असे दोन प्रवाह झाले. त्याच बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका कार्थुसियन मठाधिपतींनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ईशचिंतन अशा चार पायऱ्यांची मांडणी केली. ती मांडणी आपल्याकडील साधना-शिबिरांत आजही शिकवली जाते, परंतु तिच्यातील सर्वांत उपयोगी भाग बहुधा वगळला जातो. गिगो असे सांगतात की मननाशिवाय केलेले वाचन कोरडे राहते आणि वाचनाशिवाय केलेले मनन भरकटते. तुमच्या तक्रारीचे निदान या वाक्यात आहे. तुमचे वाचन कोरडे झाले ते टीकेमुळे नव्हे. वाचल्यानंतर थांबण्याचा वेळ अभ्यासक्रमाने खाऊन टाकला, हे त्याचे कारण आहे. उलट जे विद्यार्थी टीकात्मक अभ्यास टाळून फक्त मनन करतात, त्यांचे मनन हळूहळू वचनापासून सुटून स्वतःच्या मनोवस्थेभोवती फिरू लागते, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे.

उपाय म्हणून जर्मन ईशज्ञानी डीट्रिश बोनहोफर यांची शिस्त सुचवतो. 1935 ते 1937 या काळात ते फिंकनवाल्डे येथे नाझी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या कबुलीनिष्ठ मंडळीची सेमिनरी चालवत होते, आणि 1937 मध्ये गेस्टापोने ती बंद केली. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याने रोज सकाळी अर्धा तास शास्त्रातील एका लहानशा उताऱ्यावर मनन करायचे असे, आणि तोच उतारा पूर्ण आठवडाभर चालत असे. त्या अर्ध्या तासात भाष्यग्रंथ उघडायचे नसत आणि उपदेशाचे मुद्देही शोधायचे नसत. विद्यार्थी कुरकुरत, पण बोनहोफर यांनी नियम सोडला नाही. ही शिस्त घालणारा माणूस विद्वत्तेला घाबरणारा नव्हता. एकविसाव्या वर्षी बर्लिन विद्यापीठात त्यांनी मंडळीच्या स्वरूपावर प्रबंध लिहिला होता, आणि फिंकनवाल्डेच्या त्याच दिनक्रमात व्याख्यानेही होत असत. तुम्ही ही पद्धत स्वीकारताना एक जोड द्या: ज्या उताऱ्याचा या सत्रात अभ्यास चालू आहे तोच उतारा मननासाठी घ्या. पहाटे भाष्य बंद ठेवा, रात्री उघडा. ठाणे-वाशी गाडीत उभ्याने मोबाइलवर वाचता येते ते स्तोत्र. अभ्यासाचा मजकूर तेथे वाचू नका, तो नुसता डोळ्यांखालून जातो.

आमच्या वाचनवर्गात मार्ककृत शुभवर्तमान सलग वाचताना याचा प्रत्यय आला. सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपते: स्त्रिया कबरेतून पळून जातात आणि भयामुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचने नंतर जोडली गेली असावीत हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. हे सांगितल्यावर वर्गात अस्वस्थता पसरली. मी स्पष्टीकरण न देता ती आठ वचने पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितली. तेव्हा रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक बाई म्हणाल्या, की शिष्य पळाले ते अटकेच्या वेळीच आणि या पळाल्या त्या कबरेपर्यंत जाऊन आल्यावर, तेव्हा शुभवर्तमानाच्या शेवटी तेथवर पोहोचलेले कोणी असेल तर त्याच आहेत. भाष्यग्रंथांत हा विचार सापडतो; परंतु त्या बाईंनी तो मूळ मजकुरातून, एका पाठभेदाच्या चर्चेनंतर, स्वतः काढला होता. त्यानंतर झालेली प्रार्थना त्याच वचनावर झाली. एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे मिळत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा हबशी अधिकारी फिलिप्पाला विचारतो, की कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजेल? तोही विद्वान होता, स्वतःची गुंडाळी बाळगण्याइतका संपन्न होता, आणि तरीही त्याने अनोळखी माणसाला शेजारी बसवून घेतले.

आता दुसरा प्रश्न, कोणाला वाचावे. अभ्यासक्रमातील ख्रिस्ती विचारांचा इतिहास तुम्ही परीक्षेसाठी वाचालच; त्याला पर्याय नाही. पण त्याच्या बरोबरीने वर्षाला दोन किंवा तीन मूळ ग्रंथ, शक्यतो लहान, पूर्ण वाचावेत असा माझा आग्रह आहे. एकाची निवड करायची असेल तर ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ घ्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथाचे तेरा भाग आहेत आणि विद्यार्थी साधारणपणे नवव्या भागापाशी थांबतात, कारण तेथे आई मोनिकाचा मृत्यू येतो आणि जीवनकथा संपते. दहाव्यात स्मृतीचा विचार आहे, अकराव्यात काळाचा, आणि शेवटचे दोन भाग उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरचे दीर्घ चिंतन आहे. आत्मचरित्राला जोडलेले परिशिष्ट म्हणून ते सोडून दिले जाते.

माझ्या मते हा ग्रंथ एका वाचकाचा इतिहास आहे, आणि म्हणून तुमच्या प्रश्नाशी त्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे. तरुणपणी ऑगस्टीन सिसेरोचा ग्रंथ वाचून ज्ञानाच्या ध्यासाने पेटतात. मग पवित्र शास्त्र उघडतात आणि त्याची साधी भाषा त्यांना सिसेरोपुढे हलकी वाटते. नंतर अनेक वर्षे ते मानी नावाच्या पंथसंस्थापकाच्या अनुयायांच्या संगतीत राहतात, ज्यांनी जुन्या करारातील विसंगतींवर बोट ठेवून त्यांना जिंकलेले असते. पुढे मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांचे उपदेश ऐकताना त्यांना प्रथमच कळते, की या मजकुराला खोली आहे आणि आपण पृष्ठभागावर अडलो होतो. 386 मध्ये बागेत ते नव्या करारातील रोमकरांस पत्र उघडतात, तेराव्या अध्यायातील दोन वचने वाचतात आणि पुढे वाचण्याची गरज उरत नाही. आणि या सगळ्यानंतर, बिशप झाल्यावर, तो माणूस बायबलच्या पहिल्या पानावर परत येतो आणि ते संथपणे, प्रश्न विचारत, निरनिराळ्या अर्थांना जागा देत वाचतो. बाराव्या भागात ते म्हणतात त्याचा आशय असा, की एकाच वचनातून दोन वाचकांना दोन भिन्न पण सत्य अर्थ दिसले, तर मोशेच्या मनात दोन्ही असू शकतात असे का मानू नये? अर्थात त्यांना अर्थांचा मोकाट बाजार मान्य नव्हता. ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी कसोटी सांगितली आहे: शास्त्र समजले असे ज्याला वाटते, पण ज्याच्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, त्याला ते अजून समजलेले नाही. शेवटचे चार भाग सोडून देणाऱ्याला ऑगस्टीनचे मन पालटले हे समजते. पालटलेल्या मनाने त्यांनी काय केले, म्हणजे वाचन कसे केले, हे समजत नाही.

मठवासी विचारवंत ॲन्सेल्म यांच्या ‘प्रोस्लोगियन’चेही असेच होते. 1077-78 च्या सुमारास लिहिलेल्या या सव्वीस छोट्या प्रकरणांच्या ग्रंथातून तत्त्वज्ञानाच्या संकलनांत दुसरे ते चौथे प्रकरण उचलले जाते, कारण देवाच्या अस्तित्वाचा प्रसिद्ध युक्तिवाद तेथे आहे. पहिले प्रकरण ही प्रार्थना आहे, आणि युक्तिवाददेखील देवाला उद्देशूनच केलेला आहे. शिवाय गौनिलो नावाच्या एका मठवासीयाने त्याचे खंडन लिहिले, तेव्हा ॲन्सेल्म यांनी ते खंडन आणि आपले उत्तर दोन्ही आपल्या ग्रंथासोबत नकलून ठेवावे अशी इच्छा व्यक्त केली. विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या ग्रंथात जपून ठेवणारी ही वृत्ती थॉमस अक्वायनस यांच्याकडे पद्धत बनून येते: ‘सुम्मा’ या त्यांच्या ईशज्ञानावरील महाग्रंथाच्या प्रत्येक कलमात आधी आक्षेप येतात, मग त्यांच्या विरुद्ध एखादे प्रमाणवचन, मग उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. संपूर्ण ‘सुम्मा’ वाचण्याचा संकल्प करू नका. पहिल्या प्रश्नाची दहा कलमे वाचा, कारण त्यांतच ईशज्ञान हे शास्त्र कसे आणि शास्त्रवचनाचे अर्थ किती याची चर्चा आहे, आणि इतर सर्व अर्थ शब्दार्थावर आधारलेले असले पाहिजेत हे अक्वायनस तेथेच ठामपणे सांगतात.

बिशप अथनेशियस यांचे शब्दाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, देहधारणेवरील पुस्तक लहान आहे आणि 325 च्या निकेया परिषदेमागचा प्रश्न काय होता हे समजण्यासाठी इतिहासाच्या कोणत्याही प्रकरणापेक्षा उपयोगी आहे. प्रश्न असा होता, की ज्याने मरणातून सोडवले तो स्वतः निर्मिलेला असेल तर सुटका देवाने केली असे म्हणता येईल का? हा प्रश्न हाती न घेता निकेयाचा विश्वासांगीकार पाठ केला, तर ती शब्दांची रास वाटते. अर्थात वाद म्हणजे ईशज्ञान असेही समजू नका. त्याच चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कॉन्स्टँटिनोपलमध्ये भाकरीचा भाव विचारला तर पिता पुत्रापेक्षा थोर आहे असे उत्तर मिळते, अशी खंत निसाचे ग्रेगरी व्यक्त करतात. विचारसरणीचा आवेश त्या काळीही स्वस्त होता, आणि समाजमाध्यमांवरील आपल्या पंथीय वादांकडे पाहता तो आजही महाग झालेला नाही.

आधुनिकांपैकी दोघांविषयी लिहितो. कार्ल बार्थ हे साफेनविल या स्विस गावात कामगारांच्या मंडळीचे पाळक होते. ऑक्टोबर 1914 मध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणारे त्र्याण्णव विद्वानांचे पत्रक निघाले आणि त्यावर आपल्या आदरणीय गुरूंच्या सह्या पाहून त्यांचा त्या गुरूंच्या ईशज्ञानावरचा विश्वास उडाला. ते रोमकरांस पत्राकडे वळले, आणि त्या वाचनातून 1919 चे प्रसिद्ध भाष्य निर्माण झाले. विसाव्या शतकातील सर्वांत परिणामकारक ईशज्ञानाचा उगम रविवारी काय सांगावे या एका पाळकाच्या अडचणीत आहे, हे लक्षात असू द्यावे. दुसरे अरविंद निर्मळ. 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांनी केलेल्या भाषणापासून दलित ईशज्ञानाची औपचारिक सुरुवात मानली जाते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातील ‘भटका अरामी माझा पूर्वज’ हे इस्राएलचे कबुलीवचन घेऊन त्यांनी विचारले, की आपल्या पूर्वजांची आठवण पुसून आपण कोणते ईशज्ञान करणार? आपल्या ठाणे-नवी मुंबईतील मराठी मंडळ्यांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जालना आणि मराठवाड्याच्या गावांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ती आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांकडे अजून शाबूत आहे. निर्मळांचा लेख वाचून झाल्यावर आपल्या आजोबा-आजींशी बोला. लेखातील मुद्दा त्यानंतर वेगळा दिसतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी ठाण्यापासून देतो, कारण आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचे नाव मध्ययुगीन ख्रिस्ती लेखनात ठळकपणे येते. 1321 मध्ये टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे फ्रान्सिस्कन संघाचे चार संन्यासी ठाण्यात मारले गेले. त्यांचे सहप्रवासी, डोमिनिकन मिशनरी जॉर्डन, यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि त्याविषयी 1321 व 1324 मध्ये पत्रे लिहिली. काही वर्षांनी पोर्डेनोनेचे ओडोरिक येथून गेले, त्यांनी अस्थी चीनपर्यंत नेल्या, आणि 1330 मध्ये पादुआ येथे आपला प्रवासवृत्तांत तोंडी सांगून लिहवून घेतला. या वृत्तांतात चमत्कारांची रेलचेल आहे. जॉर्डन यांचे लेखन घटनेच्या निकटचे आणि एकाकी माणसाचे आहे. ओडोरिक यांचे लेखन श्रद्धावान युरोपीय श्रोत्यांसाठी आहे. शुभवर्तमानांच्या तुलनात्मक वाचनाची जी पद्धत तुम्हाला वर्गात शिकवली जाते ती या दोन मजकुरांवर वापरून पाहा. त्या रक्तपाताची कथा आज कोणत्याही समाजाविरुद्ध वापरण्याचा मोह झाला तर तो आवरणे हेही त्या वाचनाच्याच शिस्तीत येते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मात्र संपूर्ण अर्थाने मराठी ईशज्ञान आहे. 1579 मध्ये गोव्याला आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत जुना आणि नवा करार सांगितला आणि तो ग्रंथ 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या त्यातील ओव्या शाळेपासून सर्वांना पाठ असतात आणि दुर्दैवाने बहुतेकांचे वाचन तेथेच संपते. विद्यार्थ्याने पाहायचे ते हे, की पुराणाच्या चौकटीत श्रोता शंका विचारतो आणि गुरू उत्तर देतो, तेव्हा कोणत्या शंका निवडल्या आहेत. देहधारणेची कथा सांगताना अवताराच्या परिचित कल्पनेशी लेखक कोठे जवळीक साधतो आणि कोठे अंतर राखतो. हे वाचताना गोव्यातील साष्टीत 1560 च्या दशकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती हेही विसरता येत नाही. ज्या लोकांची पुराणे हिरावली गेली त्यांनी नव्या पुराणाची मागणी केली, आणि ते रचणाऱ्याचे त्यांच्या भाषेवर मनापासून प्रेम होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतील एकीने दुसरी झाकू नये.

पंडिता रमाबाईंना आपण समाजसुधारक म्हणून वाचतो. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर सिस्टर जेराल्डिन या तेथील संन्यासिनीशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचा: त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचे देवत्व आणि मंडळीचा अधिकार यांविषयी त्या निर्भीडपणे प्रश्न विचारतात आणि कोणी सांगितले म्हणून मान्य करण्यास नकार देतात. पुढे केडगावी मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम 1922 मधील मृत्यूपर्यंत करत राहिल्या. इब्री व्याकरणाचा कंटाळा येतो असे तुम्ही लिहिले आहे. ती भाषा कोणासाठी शिकायची हे रमाबाईंना स्पष्ट होते, आणि म्हणून त्यांना तो कंटाळा परवडणारा नव्हता.

संतवाङ्मयाविषयी. नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वी तुकारामांत बुडालेले होते आणि नंतरही त्यांनी तो धागा सोडला नाही; त्यांचे अभंग याची साक्ष देतात. लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ही त्याच वाटेवरचे आहे. टिळकांच्या अनुकरणाने आपल्याकडे एक सवय मात्र वाईट लागली आहे: तुकारामांच्या किंवा ज्ञानेश्वरांच्या प्रत्येक ओळीखाली ख्रिस्त लपलेला आहे असे दाखवायचे. याने तुकारामही कळत नाहीत आणि ख्रिस्तही कळत नाही. मला नीळकंठशास्त्री गोरे यांचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. काशीतील या मराठी पंडितांनी प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर षड्दर्शनांची चिकित्सा केली. त्यांचे निष्कर्ष कठोर आहेत आणि मला ते सर्वच पटत नाहीत. पण दोन्ही वेळा समोरच्याचे मत त्याच्या स्वतःच्या ग्रंथांतून, त्याच्या परिभाषेत, पूर्ण समजून घेण्याचा त्यांचा दंडक होता, आणि तो आपण उचलावा. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर 1965 मध्ये इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र असे काहीही मंडळी नाकारत नाही असे जाहीर केले. ते खरे ठरायचे असेल तर तेथे काय आहे हे आधी वाचावे लागेल. तेव्हा ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय भक्तियोगावरचा आहे तो भक्तियोगावरचा म्हणूनच वाचा, एखाद्या वारकरी वाचकाच्या सोबतीने वाचता आला तर उत्तम, आणि योहानाच्या पहिल्या पत्राशी तुलना त्यानंतर करा. साम्य जेथे आहे तेथे मोकळेपणाने मान्य करा आणि फरक जेथे आहे तेथे तोही तितक्याच आदराने लिहा.

सत्राच्या निबंधासाठी विषय सुचवा असेही तुम्ही म्हटले होते. यशया 40 ते 55 मधील चार सेवकगीतांपैकी, म्हणजे देवाच्या सेवकाविषयीच्या गीतांपैकी, एक घ्या, आणि ‘ख्रिस्तपुराणा’त ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग शोधून ते त्या गीताच्या शेजारी ठेवा. बेनेडिक्ट यांच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात उपवासकाळाच्या (लेंटच्या) आरंभी प्रत्येकाला एक पुस्तक द्यावे आणि ते क्रमाने, पूर्ण वाचावे असे सांगितले आहे. येत्या उपवासकाळात हे एवढेच वाचन हाती ठेवा. गीत पाठ होईपर्यंत भाष्य उघडू नका. ‘ख्रिस्तपुराणा’च्या देवनागरी आवृत्त्या उपलब्ध आहेत, जुनी भाषा अडली तर ओव्या मोठ्याने वाचा, बराचसा अर्थ कानाला आधी लागतो. निबंधाचा पहिला खर्डा झाला की तो मार्गदर्शकांना देण्यापूर्वी मंडळीतील एखाद्या वयस्क, ईशज्ञान न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि त्यांना जे वाक्य कळले नाही ते पुन्हा लिहा.